मार्गदर्शक पाहिजे, फुटबॉलचा

कोल्हापूरहून एसटी निघाली तेव्हा माझ्या पिशवीत बूट, शिट्टी आणि इस्त्रीचा सदरा होता. क्लबाने नारळ दिल्यापासून मी घरीच होतो. छत्रपती संभाजीनगरच्या एका विद्यापीठाला फुटबॉल मार्गदर्शक हवा होता. ही नोकरी हुकली तर मेहुण्याच्या फरसाणाच्या दुकानात बसावे लागणार होते, आणि मेहुणा मला आवडत नाही.

फाटकापाशी उतरलो तेव्हा ऊन तापले होते. कडुनिंबाची झाडे पुष्कळ, मैदान मात्र कुठे दिसेना. रखवालदाराने विचारले, "कोन तुम्ही?"

"मार्गदर्शक," मी ऐटीत सांगितले.

शेजारच्या दाढीवाल्या तरुणाचे डोळे चमकले. "सर, तुमच्याकडं जागा हाय का?"

मला वाटले, खेळाडू दिसतोय. "आहे की. पण पळावं लागेल."

"लई पळालो सर! सोयगाववरनं येतो, अन् गाईडच्या मागं नुसता पळतो."

पळणारा माणूस मला आवडतो. संतोष त्याचे नाव. त्याने दोन मित्र जमवले आणि मला नान खलिया (भट्टीतली रोटी आणि मटणाचा झणझणीत रस्सा) खायला नेले. तिथे प्रत्येकजण आपापला 'विषय' सांगू लागला. संतोषचा विषय कापूस वेचणाऱ्या बायांची गाणी. इकडे खेळाडूंची ओळख अशीच होत असेल, असे समजून मी जेवत राहिलो. चहा झाला तरी विषय संपेनात.

मुलाखतीच्या दारापर्यंत संतोष सोडायला आला. 'क्रीडा विभाग' ही पाटी वाचून तो थबकला. "सर, तुम्ही पीएचडीचे गाईड नाय व्हय?"

"फुटबॉलचा," मी म्हणालो. तो पायरीवरच बसला. मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात समितीच्या प्रमुख बाई बाहेर आल्या. त्या मराठीच्या प्राध्यापक. संतोषने घडलेले सगळे सांगितले. आता मेहुणा अटळ, असे मी मनाशी म्हणालो.

"तुम्ही या तिघांचं सगळं ऐकलंत?" बाईंनी विचारले.

"हो."

"कळलं?"

"काहीच नाही."

"मध्ये बोललात?"

"तोंडात घास होता."

बाई खळखळून हसल्या. "इथं अभ्यास असणारे पुष्कळ आहेत हो, ऐकून घेणारा मिळत नाही. सोमवारी रुजू व्हा. आणि संतोष, गाणी घेऊन उद्या माझ्याकडे ये. पीएचडीची एक जागा आहे."

परतीच्या वाटेवर मी विचार करत होतो. एवढी वर्षे मैदानाच्या कडेला घसा फोडला आणि क्लबाने घरी बसवले. इथे तोंड बंद ठेवले आणि नोकरी लागली.

घरी बायकोला हे सांगितले. तिने पिशवी खाली ठेवली. "नोकरी लागली हे खरं धरते," ती म्हणाली, "पण तुम्ही गप बसलासा, हे कुणाला सांगू नका. कोण इश्वास ठेवायचं न्हाई."