घरच्या सरीतली वांगी

गेल्या रविवारी माहेरी गेले होते... कोरेगावपासून जवळच आहे आमचं गाव. साताऱ्याहून सकाळची एसटी पकडली की चहाला घरी.

माहेरी बाकी सगळा ऊस आणि वरच्या तुकड्यात मार्केटसाठी भाजी, जास्त करून वांगी. वांग्याला किती फवारण्या लागतात ते वांगीवाल्यांना सांगायला नको. शेंड्यात अळी, फळात अळी... जरा नजर हटली की माल फेकायच्या लायकीचा. म्हणून आमच्याकडे बरेच जण करतात तेच दादा करतो. वरचा तुकडा औषधावर, आणि विहिरीकडच्या दोन-तीन सऱ्या घरात खायला, बिनऔषधाच्या. ‘घरची सरी’ म्हणतात तिला.

आता आमची ही घरची सरी उभी केली कुणी? तर मी! आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा शाळेतून रजा काढून मी तिथे राहिले होते. तेव्हाच रोपं लावली, कडेने झेंडू लावला. सुकलेला शेंडा दिसला की अळीसकट खुडायचा, लांब नेऊन जाळायचा. मावा आला की सकाळच्या दवात चुलीतली राख भुरभुरायची. निंबोळ्या वेचून, कुटून, भिजवून, गाळून अर्क... हाताचा वास आंघोळ केली तरी जायचा नाही.

पतंग पकडायचे कामगंध सापळेही मीच साताऱ्याहून नेले. वहिनी तेव्हा पोट धरून हसली होती. “वन्सं, अळ्यांचा पाव्हणचार चाललाय व्हय!” दादा तर मला ‘कृषी अधिकारी’च म्हणायला लागला होता. पण वांगी धरली, ती बिनकिडीची निघाली, आणि मग सगळे गप्प बसले.

तेव्हापासून जमेल तो रविवार मी तिकडेच असते. शेंडे खुडते, सापळ्यातली ल्यूर, म्हणजे पतंगांना ओढणारी वासाची गोळी, बदलते... आणि निघताना आई पिशवी हातात देते. वांगी, घेवडा, कधी दोडका, काकडी. ती पिशवी घेऊन एसटीत बसले ना, की मला कशाचीच कमी वाटायची नाही. मागे इथेच फोटो टाकला होता बघा, ‘माहेरची बिनऔषधाची भाजी’ म्हणून. तुम्ही सगळ्यांनी किती कौतुक केलंत!

तर परवा गेल्या गेल्या आधी सापळे बघितले. पतंग चांगले अडकले होते. झाडं नुसती लगडलेली, वांग्यांवर काय तकाकी... मला राहवेना. ओढणीची खोळ केली आणि चार-पाच काढली.

वहिनी मागून आली. “आवं वन्सं, त्यातली नगा काढू! ती घरची हायती.”

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी हसले. तर म्हणते, “तुमची पिशवी भरून ठिवलीया की कट्ट्यावर. वरल्या तुकड्यातली. मार्केटचा माल काढताना चांगली चांगली निवडून ठेवती न्हवं मी, दर बारीला.”

दर बारीला... मी विचारलं, वरती औषध कधी मारलंय? “परवाच की. काय हुतंय त्याला, धुवून घ्यायचं.” तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती. खरंच निवडून ठेवत असणार ती.

आई तिथेच विहिरीच्या कट्ट्यावर घेवडा निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे बघितलं... एवढंच हवं होतं मला, की तिने म्हणावं, घेऊ दे गं तिला.

आई म्हणाली, “आगं, तुमी तिकडं बाजारातलीच खाता की. हितं घरात माणसं किती हायती बघ. पुराया नगं व्हय?”

तोंडात मारल्यासारखं झालं मला. ओढणीतली वांगी मी वहिनीच्या टोपलीत ठेवली. तिने ती सारखी करून ठेवलीसुद्धा.

म्हणजे मी राबायला घरची आणि खायला बाजारची. लग्नात ‘लेक परक्याचं धन’ म्हणून सगळे रडतात ना, तेव्हा मीही रडले होते, पण ते खरं वाटलं नव्हतं हो. पंधरा वर्षं झाली लग्नाला. परवा, भर उन्हात, वांग्याच्या सरीत खरं वाटलं.

पिशवी टाकून यायला हवी होती असं आता वाटतं. पण मी ती घेऊन आले, नेहमीसारखी पायाशी ठेवून. घरी आल्यावर बाजारातली भाजी ठेवते तशी ती वांगी मिठाच्या पाण्यात ठेवली. आजवर माहेरची भाजी मी नुसती नळाखाली धरायचे... आणि माझी मुलगी काकडी तर न धुताच खायची, आजीची म्हणून.

काल दादाचा मेसेज आला. सापळ्यातली ल्यूर संपत आली आहे, येत्या रविवारी नवीन घेऊन ये. आणि खाली, ‘तू न्हाई आलीस की आळी पडतीया बघ.’ सोबत हात जोडलेले.

मी लिहिलं, ‘दादा, कोरेगावात दुकानात मिळते ल्यूर. घरची सरी आहे, घरच्यांनीच राखावी.’ पाठवून दिलं.

वहिनीवर माझा राग नाही. उलट तिचे आभारच मानायला हवेत... तिने निदान तोंडावर सांगितलं. आई मात्र इतके दिवस ती पिशवी स्वतःच्या हाताने माझ्या हातात देत होती.