मोहनचा किवीचा मांडव

सालिमचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर वर करत होतो. सालिम म्हणजे मोहनचा घरमालक, ओमानमधल्या जबल अख्दर डोंगरावरचा. हिंदी आणि अरबी मिसळून बोलतो. "अशोक, मोहन खलास," तो म्हणाला. इथे खलास हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. पाइप खलास, काम खलास, चहा खलास. मला वाटलं, मोहनचं सुट्टीच्या दिवसाचं काम आटोपलंय, खाली निझव्यात माझ्याकडे येतोय, काही सामान काढून ठेवायचं असेल. "अच्छा, भेज दो," असं मी म्हणालोसुद्धा. सालिमने तेच दोन शब्द पुन्हा म्हटले, हळू… आणि त्याच्यामागून त्याच्या आईचा रडण्याचा आवाज आला.

त्यानंतरचं मला धड आठवत नाही. पिकअप घेऊन डोंगर चढलो असणार. सकाळी वेलींना पाणी सोडायला मोहन अंगणात आला होता. सालिमची आई खजूर आणि कॉफी घेऊन आली, तर तो मांडवाच्या खांबाला टेकून बसलेला. तिला वाटलं, डुलकी लागली. डॉक्टर म्हणाले, हृदय. पुढचे सहा दिवस मी कागद भरत होतो. पोलीस, हॉस्पिटल, दूतावास, कार्गो. मयताचं नाव, मयताचा व्यवसाय. एके ठिकाणी 'मयताशी नातं' विचारलं होतं, तिथे काय लिहावं ते सुचेना, तर काउंटरवरच्या माणसाने स्वतःच 'मित्र' लिहून घेतलं. पेटी गोव्याला, मोपाला जाणाऱ्या विमानात चढली. मी गेटवरून परत आलो आणि दुपारी दुकान उघडलं. दीड इंची व्हॉल्व्ह विकले.

मोहन परब आणि मी एकाच तालुक्यातले, पण ओळख झाली ती निझव्यात. मी पंप-पाइपांच्या दुकानात, आणि तो पूर्वी मस्कतजवळ रुसैलच्या एका फॅक्टरीत मेंटेनन्सला होता, तिथून डोंगरावरच्या एका हॉटेलात पंप आणि एसी सांभाळायला आला होता. पहिल्याच दिवशी काउंटरवर हिंदीत सामान सांगता सांगता त्याच्या तोंडून "गे बाय माझे" निघालं आणि मी वर बघितलं. तेव्हापासून दर शुक्रवारी एक तर तो खाली किंवा मी वर. माझ्याकडे माशांची आमटी, त्याच्याकडे डाळ-भात, आणि सालिमच्या घरून आलेलं काहीतरी. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाशी पोटभर मालवणीत बोललो, असं मला आठवत नाही.

सालिमच्या जुन्या दगडी घराच्या मागच्या दोन खोल्या आणि अंगण त्याने भाड्याने घेतलं होतं. खाली निझव्यात अंग भाजत असताना वर पंखाही लागत नाही, आणि जानेवारीत पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पातळ साय धरते. डोंगराच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात डाळिंबं, अक्रोड, गुलाब. झऱ्याचं पाणी दगडी पाटातून येतं, त्याला फलज म्हणतात, आणि प्रत्येक घराची पाळी ठरलेली असते. मोहनला त्या पाण्याचं भारी अप्रूप. पाटात पाय सोडून बसायचा आणि म्हणायचा, "आमच्या बागेत पाट आसा, पण अशी थंडी नाय रे."

किवीचं वेड त्याला लावलं हॉटेलातल्या एका परदेशी आचाऱ्याने. एका शुक्रवारी मोहन डबा घेऊन आला. आत द्राक्षाएवढी हिरवी फळं. मला वाटलं, द्राक्षंच. "द्राक्षा न्हय, किवी. सालीसकट खा," तो म्हणाला. बाजारात मिळते ती केसाळ किवी नव्हे, ही थंडीतली जात. साल गुळगुळीत, आणि गोडी अशी की मी डबा संपवला. त्यानंतर महिनाभर तो फोनवर तेच वाचत बसायचा. हिवाळ्यात थंडी पडली नाही तर हिला फूल येत नाही. म्हणजे आमच्या कोकणात अशक्य, इथे मस्कतकडच्या अल हैलच्या किनाऱ्यावरसुद्धा अशक्य, पण त्याच्या अंगणात शक्य होतं. मस्कतच्या एका नर्सरीवाल्यामार्फत, रीतसर कागद करून, त्याने चार रोपं मागवली. तीन माद्या, एक नर. नर नसेल तर फळ नाही. त्याला तो 'नवरो' म्हणायचा.

"मांडव घालूचो आसा," असं म्हणत त्याने माझ्या दुकानातून पाइप नेले. मी विचारलं, दोडक्याचा का, तर म्हणाला, "दोडक्याक एवढो लोखंडी मांडव घालीन काय? हे वेल पन्नास वर्सां जगतत." स्वतः वेल्डिंग केलं, तारा ताणल्या. सालिम हसायचा. सालिमची आई मात्र रोज कॉफी घेऊन येऊन बसायची आणि रोपांकडे बोट दाखवून अरबीत काहीतरी विचारायची. मोहन मालवणीत उत्तर द्यायचा. दोघांचं छान चालायचं.

पहिली दोन वर्षं नुसती पानं. तिसऱ्या वर्षी एका सकाळी मोहनचा फोन, आवाज रडवेला. "मांजरांनी नवरो खाल्ल्यानी रे!" मांजरांना या वेलीचा वास वेड लावतो, हे त्याने वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. गावातली मांजरं रात्रभर त्या बुंध्याशी लोळली होती, आणि साल पार मुळापर्यंत कुरतडली होती. तीन माद्या ठणठणीत, आणि नर मेला. दुसरं रोप यायला हिवाळा गेला, आणि त्याला जाळीचा पिंजरा करून पुन्हा तीन वर्षं वाट बघणं आलं.

त्या तीन वर्षांत मोहनचं वय झालं. मुलगा गोव्यात नोकरीला लागला, गावचं घर बांधून झालं. शैलावहिनी, म्हणजे त्याची बायको, फोनवर एकच विचारायच्या, कधी येताय. त्या इथे कधीच आल्या नाहीत. गेल्या वर्षी हॉटेलच्या कंपनीने त्याला विचारलं की आता मोकळं करू का. तो माझ्याकडे आला. उंबऱ्यावर बसला, आत आलाच नाही. म्हणाला, येत्या वसंतात नराला फुलं येतील असं वाटतंय. आणि मग, "शैलाक सांगू नको हां. एका वेलीसाठी रवतंय म्हटला तर हसतली माका."

मी काय बोललो ते मला अक्षर न् अक्षर आठवतं. "इतकी वर्सां काढलंस, एका वर्सान काय होता? फळ बघून जा."

मला वेलीचं काही पडलं नव्हतं. तो गेला की शुक्रवार कसा काढायचा, एवढंच माझ्या मनात होतं.

त्याने अर्ज करून वर्ष वाढवून घेतलं. वसंतात फुलं आली. मी वर गेलो तेव्हा तो शिडीवर होता, हातात नराचं पांढरं फूल, मधले केसर काळसर, आणि ते मादीच्या एकेका फुलाला हलकेच टेकवत होता. मधमाश्यांवर त्याचा विश्वास नव्हता. "लग्ना लावतंय," म्हणाला. जूनमध्ये मांडवाखाली हिरवे मणी लटकले. सप्टेंबरअखेरचं परतीचं तिकीट काढलं होतं त्याने. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सालिमचा फोन आला.

मोहन गेल्याला पाच आठवडे झाले असतील. मी फळं काढायला वर गेलो होतो. सालिमच्या आईने निरोप धाडला होता की पक्षी येऊ लागलेत. तिथे असतानाच शैलावहिनींचा फोन आला. आवाज कोरडा होता. "भावजी, कंपनीचो कागद इलो. तेच्यात लिवलेला आसा, तेनीच अर्ज करून वर्स वाढवून घेतल्यानी. माका सांगी होते, कंपनी सोडणा नाय म्हणान. थय काय होता तेंचा? खरा काय ता सांगा."

मी कॅमेरा चालू केला आणि फोन मांडवाकडे वळवला. मग खांब दाखवले, तारा दाखवल्या, नराभोवतीचा पिंजरा दाखवला, आणि दाखवता दाखवता सगळं सांगितलं. सालिमची आई जवळ येऊन उभी राहिली, तेव्हा मी कॅमेरा आमच्याकडे फिरवला. तिने पडद्यातल्या बाईकडे बघून छातीवर हात ठेवला आणि अरबीत काही म्हणाली. वहिनींनी हात जोडले.

"ह्येच्यासाठी रवले ते?"

"होय."

"माका वाटायचा, थय कोणतरी बाई आसा…" त्या थांबल्या. "बाई असती तर भांडलंय तरी असतंय. ह्या वेलीवांगडा काय भांडू?"

मी पिंजऱ्याची वाकलेली जाळी बोटाने सरळ केली.

"तुमका म्हायत होता?"

"होय."

"मगे तुमी काय सांगितलात तेंका?"

खोटं बोलता आलं असतं. वहिनींना कळलंही नसतं. "मी म्हटलंय, फळ बघून जा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नेटवर्क गेलं की काय, म्हणून मी फोन हलवला. नव्हतं गेलं.

"मगे आता तुमीच बघा," त्या म्हणाल्या. रागाने नाही. भाजी आणायला सांगावी, तसं. मी समोरचं एक मऊ झालेलं फळ तोडून तोंडात टाकलं. त्या बघत होत्या. गोड आहे का, विचारलं. मी होय म्हटलं. खरं म्हणजे जिभेला काहीच लागलं नाही.

फळं अजून त्याच्या खोलीत आहेत, खाटेवर वर्तमानपत्र पसरून पिकत घातलेली. सालिमने खोली दुसऱ्या कुणाला दिलेली नाही, माझ्याकडून किल्लीही मागत नाही. शुक्रवारी मी वर जातो, पाण्याची पाळी असली तर पाणी सोडतो, मऊ झालेली फळं निवडून सालिमच्या आईला देतो. मांडवाची पानं पिवळी पडू लागली आहेत. जानेवारीत छाटणी करावी लागते, एवढं मला माहीत आहे. कुठली फांदी ठेवायची आणि कुठली काढायची, ते मोहनने कधी सांगितलं नाही… मीही कधी विचारलं नाही.