नेटवर्कवाली

आमच्या मुलुंडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कम्प्युटरचं काही अडलं की ती येते. चाळिशीची, मालवणकडची, आणि तिला मशीनशी बोलायची सवय. "खंय गेलंस गो बाय?" असं पुटपुटतच ती कीबोर्ड जवळ ओढते.

परवा आमचा रिपोर्टांचा व्हर्च्युअल सर्व्हर, म्हणजे मशीनच्या आत चालणारा सॉफ्टवेअरचा कम्प्युटर, तिच्या कंपनीने जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर हलवला आणि त्याचं नेटवर्कच गेलं. रिपोर्ट तयार होते, पण छापले जाईनात. बाहेर माणसं तापलेली, म्हणून मी काउंटर सोडून आत बसले होते.

ती आली आणि आधी त्या माणसांसमोर जाऊन उभी राहिली. "रिपोर्ट सुरक्षित आहेत. सर्व्हर आम्ही हलवला, त्यात गडबड झाली. थोडा वेळ द्या ना." आवाज खाली आले.

मग आत येऊन तिने शोधाशोध केली आणि हसली. "अगं, नव्या जागी याला नवं नेटवर्क कार्ड मिळालंय, आणि याचा नेटवर्कवरचा पत्ता अजून जुन्या कार्डाच्याच नावावर आहे." तिने तो पत्ता नव्या कार्डाला दिला आणि प्रिंटर सुरू झाला.

पहिला रिपोर्ट एकट्याच आलेल्या एका आजींचा होता. त्यांनी तो तिच्यापुढे धरला. "बघ गं, शुगर वाढली नाही ना?"

"आजी, मला यातलं कळत नाही. डॉक्टरांना दाखवा."

"मग चल माझ्याबरोबर. एकटीला भीती वाटते."

बॅग माझ्याकडे देऊन ती शेजारच्या दवाखान्यात गेली. दोघी परतल्या तेव्हा आजी कुल्फी खात होत्या, त्यामुळे मला काही विचारावंच लागलं नाही.