तीन सेंटिमीटरची लाट

रिकामा पत्र्याचा डबा दिसला की बाई तो उचलायच्या, एक डोळा मिटून आत बघायच्या आणि टिचकी मारून म्हणायच्या, "आधी भंगार, मग बाजार!" एका लग्नात त्यांनी आचाऱ्याकडून तुपाचा डबा मागून घेतला होता. अंगावर पैठणी, काखेत डबा, आणि चेहऱ्यावर जराही संकोच नाही.

आम्ही दोघी अंधेरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर, परगावचे फोन जोडायला, बसायचो. बाई माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, एकट्या राहणाऱ्या. दिवसभर लोकांचे फोन जोडून तुम्ही-आम्ही घरी जाऊन आडवे झालो असतो. बाई मात्र घरी गेल्यावर पुन्हा हेडफोन चढवायच्या. त्यांच्याकडे हौशी रेडिओचा, म्हणजे घरून बिनतारी बोलायचा, परवाना होता. त्यांच्या नादाने परीक्षा देऊन मीही तो मिळवला.

सत्तर सालाच्या आसपास त्यांच्या डोक्यात मायक्रोवेव्हने, म्हणजे अगदी आखूड रेडिओ-लाटांनी, घर केलं.

"ते रडारवाल्यांचं काम, बाई. सामान विलायतेतून आणावं लागतं. परवडणार नाही," जाणते लोक म्हणाले.

बाई चोरबाजारात गेल्या. महायुद्धातल्या मोडीत निघालेल्या रडारमधले दोन व्हॉल्व्ह शोधून आणले. तुपाचे डबे कापून, डाग देऊन लाट सोडायला-झेलायला चौकोनी कर्णे केले. बाकीचं सगळं जुन्या रेडिओंच्या पोटातून निघालं.

पहिल्यांदा एक संच त्यांच्या स्वयंपाकघरात होता, दुसरा गॅलरीत माझ्याजवळ. बाई आतून आकडे मोजत होत्या.

"आता कर्ण्यापुढे हात धर."

मी हात धरला. हेडफोनातला आवाज तुटला. हात काढला, तर "सतरा, अठरा..."

"केवढी आहे ही लाट, माहितेय?" बाई बाहेर येऊन म्हणाल्या. "तीन सेंटिमीटर. तुझ्या मुठीत मावेल."

मी कितीतरी वेळ आपला तळहात बघत राहिले.

मग ठरलं, समुद्रावरून बोलायचं. मी जुहूच्या वाळूत, बाई पलीकडे मढला. टॅक्सीवाल्यांकडून मागून आणलेल्या बॅटऱ्या. तीन रविवार नुसती खरखर. कर्ण्याचा रोख बोटभर चुकला तरी सगळं वाया जायचं आणि धुरकट हवेत मढचा किनारा म्हणजे नुसती रेघ. लोक विचारत, "काय विकता?" एक हवालदार अर्धा तास परवाना वाचत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "बाई, घरी जा ना. ऊन किती आहे!"

चौथ्या रविवारी मी कंटाळून आवरायला घेतलं, तेवढ्यात त्या रेघेवर काहीतरी लखलखलं. पुन्हा लखलखलं. बाई आरसा हलवत होत्या! मासे सुकवणाऱ्या एका कोळणीने त्यांना सांगितलं होतं, "खूण दाखवायचीय तर होडीवर चढ." आणि पन्नाशीच्या बाई पालथ्या घातलेल्या होडीवर चढल्या होत्या.

मी कर्णा त्या चमकेवर रोखला. खरखर विरली. आमचे संच असे होते, की दोन्हीकडून एकाच वेळी बोलता-ऐकता यायचं. मी गप्प उभी होते. समुद्रापलीकडून बाईंचा आवाज आला, अगदी हळू.

"अगं, मला तुझा श्वास ऐकू येतोय."

टॉर्चचा दिवाही पेटणार नाही एवढीच ताकद होती त्या यंत्रात. मधे सगळा समुद्र. मला रडू आलं, आणि तेही बाईंना ऐकू गेलं.

निवृत्त झाल्यावर बाई रत्नागिरीला धाकट्या बहिणीकडे गेल्या. दोनच वर्षांनी एका सकाळी माझ्या बोर्डावर रत्नागिरीचा ट्रंक कॉल आला. कोणाला जोडून देऊ, म्हणून मी विचारलं.

"तुमच्या ऑफिसलाच निरोप द्यायचाय," पलीकडून एक अनोळखी आवाज म्हणाला. "माझी ताई पूर्वी तिथे होती. ती आज पहाटे गेली."

लाइनवर समुद्रासारखी घरघर चालू होती.

"हॅलो, ऐकू आलं ना तिकडे?"

"हो," मी म्हणाले. "स्पष्ट ऐकू आलं."