वहिनीला न सांगितलेलं

"मग वाघाले विचार ना, कुठी जाऊ म्हणून."

नव्या उपकेंद्रातली सिस्टर हे बोलली तेव्हा तिनं रजिस्टरातून मानही वर केली नाही. रांगेतल्या बाया हसल्या. माझी वहिनी आठव्या महिन्यात, पाय सुजलेले, भिंत धरून उभी. तिला मराठी येत नव्हतं. सगळ्या हसल्या म्हणून तीही थोडी हसली.

वाघांसाठी आमचं गाव जंगलातून उठवलं. रस्त्याकडेला वसाहत दिली. जुन्या उपकेंद्रानं आमची नावं काढली, या नव्या उपकेंद्रानं चढवली नाहीत. मी एवढंच म्हटलं होतं, "सिस्टर, गावच उठलं. आमी जावं कुठी?"

मी आश्रमशाळेत शिकलेली, बी.ए. झालेली. तरी तोंडातून निघालं, "बरं मॅडम."

बाहेर वहिनीनं गोंडीत विचारलं, बाई काय म्हणाली?

मी सांगितलं, घरी येऊन तपासणार आहे.

तिला खरं वाटलं. जुन्या गावात नर्सबाई नाला ओलांडून घरी येतच होती. वहिनी रोज अंगण सारवायची, दारात खाट टाकून ठेवायची. भाऊ दोनदा म्हणाला, चंद्रपूरला नेतो. ती नाही म्हणाली. बाई आली आणि घरात कोणी नसलं तर?

एका सकाळी रक्त जायला लागलं. तेव्हाही ती रस्त्याकडे बघत होती. मग मी खरं सांगितलं. जीप मिळेपर्यंत दुपार झाली. बाळ पोटातच गेलं. वहिनी वाटेत, माझ्या मांडीवर.

सिस्टरनं तिला हाकललं. मी ते हाकलणं गोड करून सांगितलं, माझी लाज झाकायला. दोन्ही लिहून ठेवते.

आता वसाहतीतल्या बायांबरोबर मी जाते. परवा सुकमी होती, सहावा महिना.

"तू पुन्हा आली? सांगितलं ना, यादीत नाव नाई." सिस्टर तिला म्हणाली.

मी ते जसंच्या तसं सुकमीला गोंडीत सांगितलं. मोठ्यानं, रांगेसमोर. मग टेबलावर कोरा कागद ठेवला.

"नाई म्हणता ना? लिहून द्या. खाली सही करा."

सिस्टरनं कागद सरकवला. मी परत ठेवला. या वेळी कोणी हसलं नाही.

सुकमीचं नाव अजून चढलेलं नाही. कागदही कोराच आहे. उद्या आम्ही पुन्हा जाणार. तपासणी नाहीतर सही, दोन्हीतलं एक मिळेपर्यंत तिथून हलणार नाही. आणि तिथं जे बोललं जाईल त्यातला एकही शब्द मी गोड करणार नाही.