आक्कांच्या कॉम्प्युटरचा पाळणा

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतं. लिहिते आहे माझ्यासाठीच, पण कुणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्यावं.

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. काही बिघडलं की लोक चिडतात, आक्कांना त्यात गंमत वाटायची. कुकरची शिट्टी वाजली नाही तर त्या गॅस बंद करून तिच्याकडे बघत बसायच्या. “थांब, तिला झालंय काय ते तर कळू दे,” म्हणायच्या. वरण मात्र त्या दिवशी उशिरा मिळायचं.

सासरचा त्रास सोसवेना म्हणून त्या आमच्याकडे उधन्याला आल्या. साडीवरच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायला शिकल्या आणि एक जुना कॉम्प्युटर घरी आणला. त्या कमाईवर त्यांना स्वतःची खोली घ्यायची होती. “भाऊ चांगला आहे गं, पण त्याच्या घरात किती दिवस राहू?” एवढंच एकदा बोलल्या.

पण कॉम्प्युटरची डिस्क सारखी आजारी. चालू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची, डिस्क तपासतो आहे म्हणून. मग कधीकधी एखादं डिझाइन उघडायचंच नाही. माझे मालक, म्हणजे आक्कांचे धाकटे भाऊ, कॉम्प्युटरच्या डब्याला थापड मारायचे. “मारू नको रे! आजाऱ्याला कुणी मारतं का?” आक्का ओरडायच्या. दुरुस्तीवाल्यानं वायर बदलली, मग डिस्कच नवी घाला म्हणाला. पैसे मी दिले, साड्यांना खडे चिकटवून साठवलेले. थोड्याच दिवसांत नवी डिस्कही तेच करायला लागली. ज्याच्यासाठी आक्का डिझाइनं काढायच्या त्या शेठनं फोनवर सांगितलं, आणखी एक फाइल बिघडली तर काम दुसऱ्याला देईन. काम गेलं की खोली गेली. आक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी खडे लावत होते. आक्का माझ्या ताटलीकडे बघत होत्या.

“ताटलीखाली ओलं फडकं कशाला गं?”

“खडे सरकतात.”

“का सरकतात?”

मला पटकन बोलता येत नाही. “सगळ्याच बायका ठेवतात.”

“अगं पण का? बोल ना वं!”

“खाली कारखान्यात माग चालतात ना. जमीन हलते.”

आक्कांनी फडकं काढलं. खडे हळूहळू ताटलीच्या एका कडेला गोळा झाले. मग त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. “माय वं! याला कुणी फडकंच दिलं नाही.”

इतकी वर्षं आम्ही त्या हलण्यातच राहत होतो, त्यामुळे ते जाणवतच नव्हतं. मागांच्या सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटर गुपचूप चालला, तेव्हा खात्री पटली. फडक्यानं भागणार नव्हतं. माझ्या मुलीचा पाळणा टांगायची कडी आढ्याला होती. आक्कांनी त्या कडीला सायकलच्या जुन्या ट्यूबा बांधल्या, खाली भाजीचं प्लास्टिकचं क्रेट टांगलं आणि डबा त्यात ठेवला. दुरुस्तीवाला बिघडलेली डिस्क पुसून नव्यानं चालू करून द्यायला आला तर हसतच सुटला.

“आक्का, कॉम्प्युटरला पाळणा?”

“हो. आलाच आहेस तर नाव ठेवून जा.”

पांढरी अक्षरं यायची थांबली. आक्का चार दिवस जरा हिरमुसल्या होत्या, बघायला काही उरलं नाही म्हणून. पण शेठचं काम वेळेवर जाऊ लागलं, मग आणखी एका शेठचं मिळालं. दर महिन्याला त्या माझ्या हातावर डिस्कचे थोडे थोडे पैसे ठेवायच्या. पुढं त्यांना कतारगामला स्वतःची खोली मिळाली.

निघायच्या दिवशी सामान रिक्षात चढलं. आक्का परत वर आल्या आणि उरलेले पैसे माझ्या हातात दिले. “मोज.”

“राहू द्या आक्का. घरचेच आहेत.”

“मोज गं. तू मोजल्याशिवाय मला फिटल्यासारखं वाटायचं नाही.”

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी जमिनीवर बसले आणि एकेक नोट मोजली. पैसे पुरे होते.