कॉर्न म्हणजे मका

नव्वदच्या दशकात मी ओमानमध्ये, बौशरच्या एका गेस्ट हाऊसमध्ये स्वयंपाकी होतो. तिथे एक म्हातारा जर्मन इंजिनिअर राहायला आला आणि पहिल्या दिवसापासून त्याने माझ्या डोक्याला ताप दिला. पाव मऊ म्हणून नको, चपाती पातळ म्हणून नको. शेवटी आमचा ओमानी मालक, आमचा अर्बाब, मला म्हणाला, "हा पाहुणा अजून एकदा उपाशी उठला तर खलास. दुसरा कुक बघतो."

मी पाहुण्यालाच विचारलं, साहेब, तुम्हाला हवंय तरी काय? तो म्हणाला, "कॉर्न ब्रेड."

आता कॉर्न म्हणजे मका. मी वसईचा, आमच्याकडे भाकरी तांदळाची. मक्याचं पीठ मी जन्मात मळलं नव्हतं. वादी अदाईला एका पंजाबी ड्रायव्हरच्या खोलीवर जाऊन, त्याची हांजी हांजी करून पीठ आणलं. थापायला घेतलं, तर तव्यावर पडेपर्यंत भाकरीचे तीन तुकडे. सहा मोडल्या, तेव्हा सातवी साधली. वर लोणी घालून ती त्याच्या पुढ्यात ठेवली.

त्याने ती पिवळी भाकरी बघितली आणि बशी बाजूला सरकवली. "हे नाही. आमचा काळा पाव, धान्याचा. आमच्या भाषेत कोर्न म्हणजे धान्य."

माझं टाळकं सटकलं. नोकरी गेली खड्ड्यात म्हणून मी ओरडलो, "एक शब्द धड बोलता येत नाही, तर मागायचं कशाला?"

तो चिडला नाही. म्हणाला, "हेच मी माझ्या आईला म्हणालो होतो."

महायुद्ध हरल्यावर त्याच्या गावात अमेरिकन सैन्य येऊन बसलं. गावात इंग्रजी येणारी काय ती त्याची आईच. अधिकाऱ्याने तिला विचारलं, लोकांना काय हवं? ती म्हणाली, कॉर्न. तिला धान्य म्हणायचं होतं, आला मका. पोतीच्या पोती. त्या पिवळ्या, भुगा होणाऱ्या पावावर गावाने हिवाळा काढला आणि खापर तिच्या डोक्यावर फोडलं. बंदूकवाल्यांना कोण बोलणार? पावाच्या रांगेत बायका तिला विचारायच्या, आज काय मागवलंत बाई? हा तेव्हा आठ वर्षांचा. घरी हाही तिच्यावर ओरडला. त्यानंतर मरेपर्यंत ती इंग्रजीचा एक शब्द बोलली नाही.

"आणि आज तोच शब्द माझ्या तोंडून गेला," तो म्हणाला.

राग माझा अजून गेला नव्हता, सहा भाकऱ्या मोडल्या होत्या माझ्या. पण लाजही वाटली. मी म्हणालो, "माझंही चुकलं, साहेब. कसला पाव ते एकदा परत विचारायला हवं होतं."

त्याने बशी पुन्हा जवळ ओढली.

"हे त्या अधिकाऱ्याने तिला म्हणायला हवं होतं," तो म्हणाला. "त्याने नाही, तर मी तरी." आणि त्याने भाकरीचा तुकडा मोडला.